सियागंजातली पानं : फोन, बही आणि खटला

२ जून २०२५, सोमवार

आज दुपारी इंदूरच्या सियागंज बाजारात तोलकाटे थांबल्यासारखं झालं. शिलाँगहून बातमी आली की सोहऱ्याजवळ, वेई सॉडाँग धबधब्याच्या दरीत मृतदेह सापडला. आमच्याच शहरातला मुलगा. ११ मे रोजी लग्न झालं, २३ मेपासून नवरा-बायको दोघंही बेपत्ता. दरीत ड्रोन उतरवावा लागला म्हणतात.

माझी कचेरी वरच्या मजल्यावर, खाली मिरची-धण्याची आडत. जिन्यावरून येणाऱ्या माणसाला आधी ठसका लागतो, मग तो जीएसटीचं काम सांगतो. आज कुणी काम सांगितलंच नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न : मुलगी कुठे आहे? खालचे शेठजी म्हणाले, "वकीलसाब, फोन का लोकेशन निकाल लें तो दो मिनिट में पता चल जाए." मी नुसता कर सल्लागार. कायद्याची पदवी भिंतीवर टांगलेली आहे एवढ्यावर हा मान मिळतो.

९ जून, सोमवार

मुलगी उत्तर प्रदेशात, गाजीपूरजवळच्या एका ढाब्यावर मध्यरात्री सापडली. ढाबेवाल्याचा फोन मागून तिने घरी फोन लावला. आता पोलीस म्हणतात की तीच आरोपी आहे. सोबत तिचा मित्र आणि आणखी तिघं. तिच्या घरचे काल रात्रीपर्यंत सीबीआय तपास मागत होते.

संध्याकाळपर्यंत सियागंजात खटला चालून निकालही लागला. रेल्वे स्टेशनकडच्या तोंडापासून पत्थर गोदामापर्यंत जो भेटेल त्याच्याकडे एक व्हिडिओ, एक फोटो, एक रेकॉर्डिंग. सासूबरोबर झालेलं २३ मेचं बोलणंही फिरतं आहे. त्या दिवशी एकादशी होती, सून जंगलात चढण चढते आहे, धापा टाकते आहे, उपासाचं बोलणं चाललं आहे. शेठजींनी ते तीनदा ऐकवलं आणि प्रत्येक वेळी "सुना? सुना?" म्हणाले. मला धाप ऐकू आली. खून ऐकू आला नाही.

१२ जून, गुरुवार

वर्तमानपत्रांत रोज 'टॉवर लोकेशन'. बाजाराचा समज असा की टॉवर म्हणजे वरून बघणारा डोळा. खालच्या आडतीच्या मुनीमजींना आज कागदावर काढून दाखवलं.

मोबाइल कंपनीकडून पोलिसांना जो कॉल तपशील मिळतो, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, त्यात कुणी कुणाला फोन लावला, किती वाजता, किती सेकंद, कॉल सुरू होताना फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला होता आणि संपताना कोणत्या, हँडसेटचा आयएमईआय आणि सिमचा क्रमांक एवढं असतं. बोलणं नसतं. व्हॉट्सॲपवर केलेला कॉल त्यात दिसतच नाही. तिथे फार तर इंटरनेट वापराची नोंद मिळते. आणि टॉवर म्हणजे घराचा पत्ता नव्हे. सियागंजासारख्या दाट वस्तीत त्याचा पट्टा काहीशे मीटरांचा असेल, तेवढ्यात आमचा अख्खा बाजार आणि वरून स्टेशनचा एक फलाट मावतो. खासी टेकड्यांत तोच पट्टा कित्येक किलोमीटर पसरतो, आणि दरीत रेंजच नसते.

मुनीमजी ऐकून म्हणाले, "मग या दुकानाचा फोन?" प्रश्न बरोबर होता. दुकानाच्या फोनचं सिम शेठजींच्या थोरल्या मुलाच्या नावावर. तो मुलगा दोन वर्षं झाली पुण्याला. फोन दिवसभर गल्ल्यावर पडलेला. ऑर्डर मुनीमजी घेतात, भाव धाकटा सांगतो, दुपारी हम्माल त्यावरून गावी बोलतो. लॉक पॅटर्न निम्म्या गल्लीला पाठ. हा फोन रात्री दहाला कुठे होता हे टॉवर सांगेल. कुणाच्या हातात होता, हे विचारायला गल्ल्यावरच्या माणसांनाच बोलवावं लागेल.

गंमत अशी की सोहऱ्यात पोलिसांना पहिला मोठा धागा फोनने दिलाच नाही. मावलाखियातच्या एका वाटाड्याने सांगितलं की हे जोडपं आणखी तीन हिंदी बोलणाऱ्या माणसांबरोबर पायऱ्या चढताना त्याने पाहिलं होतं.

१९ जून, गुरुवार

काल-आजच्या बातमीने बाजार पुन्हा पेटला. मुलीच्या कॉल तपशिलात एका नावाचा नंबर निघाला, लग्नाच्या आधीच्या दिवसांत त्यावर शंभराहून जास्त कॉल. लगेच 'तिसरा माणूस' जन्माला आला. चहाच्या टपरीवर त्याचं वय, धंदा, जात सगळं ठरलं. नंतर पोलिसांकडून आलं की तो नंबर आधीच अटकेत असलेला मित्रच वापरत होता, नाव तेवढं दुसरं दिलेलं. तिसऱ्या माणसाचं आयुष्य जेमतेम एक दिवसाचं. टपरीवर मात्र तो अजून जिवंत आहे.

आजची तारीख मला वेगळ्या कारणाने आठवते. १९ जून २०११, रविवार. इंदूरच्या श्रीनगर भागात एका मराठी घरात आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांचा एका दुपारी खून झाला. लुटीसाठी. ओळख काढून घरात शिरलेली एक तरुणी आणि तिचे दोन साथीदार पकडले गेले. आमच्या लोकमान्य नगरात त्या पावसाळ्यात घरोघर दाराला साखळ्या बसल्या. सेल्सगर्ल म्हणून दारात येणाऱ्या पोरींना लोक पाणीसुद्धा विचारेनासे झाले. गणपतीत कुणी तो विषय काढला की बायका उठून आत जायच्या.

जिल्हा न्यायालयाने २०१३च्या डिसेंबरात तिघांना फाशी सुनावली, २०१४ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली : किमान पंचवीस वर्षं, सूट नाही. 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या नावाने हे निकालपत्र आता देशभर वाचलं जातं, कारण फाशी मागण्याआधी सरकारने आरोपीचं आयुष्य, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं न्यायालयापुढे ठेवलंच पाहिजे, असा दंडक त्यात घातला आहे.

मी ते तेव्हा फाशीच्या उत्सुकतेने वाचायला घेतलं होतं आणि अडकलो मधल्या पानांवर. सरकारी पक्षाने तिघांच्या कॉलचे तपशील दाखल केले होते. तिघं एकमेकांच्या संपर्कात होते हे दाखवायला. पण त्या कागदांना पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालचं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं. न्यायालयाने ते तपशील बाजूला ठेवले. रक्ताच्या डीएनए अहवालावरही विसंबणं टाळलं. तरी दोषसिद्धी टिकली, कारण घरातून गेलेला ऐवज, जप्त्या आणि बाकीची साखळी उभी होती.

तीन बायकांच्या खुनात एका प्रमाणपत्राचा हट्ट? माझ्या बायकोचा तेव्हाचा प्रश्न हाच होता, आणि रागही. मला तो हट्ट पटतो. पण तिला त्या रात्री पटवता आलं नाही, आणि मी फार जोरही लावला नाही. तिने त्या घरातल्या आजींना भजनी मंडळात पाहिलेलं.

२३ जून, सोमवार

मेघालयचं विशेष पथक शहरात आहे. मुलगी खुनानंतर इंदुरात ज्या फ्लॅटमध्ये राहिली असं म्हणतात, तिथल्या वस्तू नाहीशा केल्याच्या आरोपावरून आणखी अटका. लॅपटॉपचा शोध. वार्ताहर बाजारातही येऊन गेले. त्यांना बोलणारे पुष्कळ मिळाले.

८ जुलै, मंगळवार

आषाढीचा साबुदाणा, शेंगदाणा खपला, बाजार जरा मोकळा झाला, आणि खालचे शेठजी स्वतःचीच भानगड घेऊन वर आले. निमाडातल्या एका गावच्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर जिऱ्याची ऑर्डर दिली. भाव ठरला, माल गेला, बिल्टी आहे. आता तो म्हणतो ऑर्डर मी दिलीच नाही, माल परत घेऊन जा. मधल्या काळात जिरं उतरलं, हे कारण उघड आहे. शेठजींनी स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती काढून आणल्या होत्या, वर प्लास्टिकचं आवरण. "ये रहा सबूत."

त्यांना म्हटलं, हा फोटो आहे. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो; जेल रोडवर डॉलर मार्केटमधला कुठलाही पोरगा अर्ध्या तासात तुमच्या नावाने हवा तो मेसेज तयार करून देईल. मूळ फोन कुठाय?

फोन बदलला होता. जुना धाकट्याने एक्स्चेंजमध्ये दिला.

शेठजींचा चेहरा बघवेना. मग बॅकअप शोधला. नव्या फोनवर त्याच नंबरची जुनी चॅट उतरलेली होती, जिऱ्याच्या भावासकट. म्हणजे काहीतरी आहे. वकिलाकडे पाठवण्याआधी कागद तयार करू असं ठरलं.

१० जुलै, गुरुवार

कागद म्हणजे प्रमाणपत्र. १ जुलै २०२४पासून पुरावा कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बची जागा आता कलम ६३ने घेतली, आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापून टाकला. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने.

शेठजी समोर बसले आणि मी भाग 'अ' वाचत गेलो. उपकरण कोणतं : संगणक, डीव्हीआर, मोबाइल, पेन ड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड, योग्य तिथे खूण करा. कंपनी आणि मॉडेल. रंग. शेठजींनी फोन उलटा करून पाहिला. कव्हर काळं, आतला फोन फिकट जांभळा. "कौन सा लिखूँ?" आतला लिहा. आयएमईआय : स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं, पडद्यावर पंधरा-पंधरा आकड्यांच्या दोन ओळी आल्या, दोन सिमच्या दोन. मी वाचत गेलो, मुनीमजी लिहीत गेले, मग ते वाचत गेले आणि मी ताडून पाहिले. मुनीमजींनी प्रत्येक चार आकड्यांनंतर टिंब दिलं. बहीतली सवय.

पुढे : हे उपकरण माझ्या कायदेशीर ताब्यात होतं, नेहमीच्या व्यवहारात त्यात नोंदी होत होत्या, ते नीट चालू होतं. आणि मग हॅश. इथे शेठजी थांबले.

हॅश म्हणजे त्या फाइलवर गणिताची एक ठरावीक प्रक्रिया करून काढलेली आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदला, अख्खी ओळ बदलते. आज काढलेली ओळ आणि न्यायालयात काढलेली ओळ जुळली तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही. नमुन्यात पद्धतींची नावंही आहेत : एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५. मी त्यांना सांगितलं, पोत्याच्या शिवणीवर मारलेल्या सिलासारखं समजा. आत जिरं चांगलं की सडकं हे सील सांगत नाही, वाटेत पोतं उसवलं नाही एवढंच सांगतं. त्यांना लगेच कळलं. मग म्हणाले, "और भाग ब वाला एक्सपर्ट कहाँ मिलेगा? सियागंज में?"

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. सरकारी खटल्यात प्रयोगशाळा असते, राज्याची मुख्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला. जिऱ्याच्या व्यापाऱ्याने कुणाला शोधायचं? वकील म्हणतील, बघू. कायदा लिहिणाऱ्याने बहुधा ठाणं आणि प्रयोगशाळा एवढंच डोळ्यांपुढे ठेवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

या प्रमाणपत्राचा आग्रह ज्या निकालाने पक्का केला तो जालन्याचा, हे सांगितलं तर इथे कुणाचा विश्वास बसत नाही. २०१४ची विधानसभा निवडणूक. अर्जुनराव खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले. तक्रार अशी की खोतकरांचा अर्ज वेळ टळल्यावर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले कॅमेरे त्या दिवसाचं सगळं टिपत होते. चित्रण मिळालं, पण त्याचं प्रमाणपत्र देईना कुणी. मागून मागून गोरंट्याल थकले. शेवटी उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीचा आधार घेतला. प्रकरण दिल्लीला गेलं, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्य, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून ठेवलं तर गोष्ट वेगळी. आणि मागूनही कुणी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करा, न्यायालय मागवेल. मोबाइल कंपन्यांनीही तपासातल्या काळाच्या नोंदी वेगळ्या राखून ठेवाव्यात, असंही त्यातच आहे.

मुनीमजींना हे नवं वाटलं नाही. त्यांनी आपल्या बहीवर हात ठेवला. खरंच, व्यापाऱ्याच्या बहीबद्दल कायद्याचा हाच स्वभाव जुना आहे : नियमाने ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुराव्यात येईल, पण केवळ त्या नोंदीवर कुणाच्या अंगावर देणं बसणार नाही. जैन बंधूंच्या हवाला डायऱ्यांचं प्रकरण १९९८ साली याच खडकावर फुटलं; सुटे कागद तर वहीतच धरले नाहीत, आणि वहीतल्या नोंदींनाही दुसरा आधार मागितला. नव्या कायद्यात तेच कलम २८ आहे, 'इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्याही' या जुन्या कायद्यातल्या शब्दांसकट. म्हणजे बही असो की फोन, लिहिणारा जो कुणी असेल त्याने समोर येऊन सांगावं की हे मी लिहिलं, माझ्या ताब्यात होतं, आणि मग त्याची उलटतपासणी व्हावी. मला १० जुलैला फॉर्म भरताना हेच दिसत होतं. आकड्यांच्या त्या सगळ्या कसरतीत शेवटची ओळ सहीची आहे.

टपरीवर सही लागत नाही. म्हणून तिथे खटला लवकर निकाली निघतो.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

आरोपपत्र दाखल झालं, काल, सोहऱ्याच्या न्यायालयात. सुमारे ७९० पानं, पाच आरोपी : खून, पुरावा नष्ट करणं, कट. अटकेनंतरची नव्वद दिवसांची मुदत भरत आली होती. ती टळली असती तर जामिनाचा हक्क आपोआप उभा राहिला असता. पुरावा नाहीसा केल्याचा आरोप असलेल्या बाकी तिघांविरुद्ध पुरवणी आरोपपत्र नंतर, प्रयोगशाळेचे अहवाल आल्यावर.

आज रात्री गणपतीच्या झांक्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या बंद पडून जमाना झाला तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतात आणि अर्धं शहर रस्त्यावर रात्र काढतं. दुकानं लवकर बंद. जाता जाता शेठजी जिन्यात थांबले. त्यांचा प्रश्न ठरलेला : दिवाळीपर्यंत शिक्षा होईल ना?

मी त्यांना श्रीनगरच्या खटल्याच्या तारखा सांगितल्या. २०११, २०१३, २०१४, २०२२. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या जिऱ्याचं पण एवढंच लागेल का?

९ सप्टेंबर, मंगळवार

पोलिसांचं म्हणणं की २३ मेच्या दुपारी सव्वादोनला, नवरा मेल्यानंतर, त्याच्या समाजमाध्यमाच्या खात्यावरून सात जन्मांच्या साथीची ओळ टाकली गेली. तो जिवंत आहे असं भासावं म्हणून. बाजारात सगळ्यात जास्त चर्चा याच एका ओळीची. मला वाटतं, साक्षी सुरू झाल्यावर सगळ्यात अवघडही हीच ठरेल. वेळ सर्व्हरवरून मिळेल. त्या मिनिटाला फोनचा पडदा कुणाच्या बोटाने उघडला, हे सर्व्हर सांगणार नाही. शिवाय ती वेळ मृत्यूनंतरची होती हे आधी वैद्यकीय पुराव्याने ठरावं लागेल, आणि दहा दिवस दरीत, पावसात पडलेल्या देहावरून तास-मिनिटं ठरवणं डॉक्टरांनाही जड.

म्हणून शिलाँगच्या बातम्यांत मी आता वेगळं शोधतो आहे. मोबाइल कंपनीचा नोडल अधिकारी साक्षीला कधी येतो. फोन जप्त केला तेव्हा पंच कोण होते, तो चालू होता की बंद, लगेच एअरप्लेन मोडवर टाकला का, पाकीट कुठे सीलबंद झालं. हॅश जप्तीच्या दिवशी काढला की प्रयोगशाळेत पोहोचल्यावर. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण करायचं असतं; ते सलग आहे की मध्ये तुटलं आहे. आणि तो वाटाड्या, तोच माणूस, न्यायालयात उभा राहून तीच तीन माणसं ओळखतो का. वर्तमानपत्रं यातलं फार थोडं छापतात. मुलीने तारखेला काय घातलं होतं ते छापतील.

शेठजींचे वकील म्हणाले, भाग 'ब'साठी एक संगणकतज्ज्ञ सापडला आहे, फी विचारून कळवतो. फी जिऱ्याच्या नफ्याहून जास्त निघाली तर शेठजी तडजोड करतील, असा मुनीमजींचा अंदाज.